स्वारानें मंडळाचें सभासद व्हावें काय?

घोड्यावर बसण्याची हौस असलेल्या मनुष्यानें एखाद्या अश्वारोहण मंडळाचें सभासद व्हावें, कीं आपला आपण स्वतंत्र राहावें, हा प्रश्न गडचिरोलीच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. ज्या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अरण्यानें व्यापिला आहे, जेथें बैलगाडी, सायकल व एस्. टी. हींच बहुतेकांचीं वाहनें, तेथें घोड्याची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपल्या शाळेंतून शिकून निघालेलीं मुलें पुढें नागपूर, पुणें, मुंबई अशा ठिकाणीं जातात. तेथें कोणाचा मित्र घोडेस्वारीच्या क्लबाचा सभासद असतो. कोणास सैन्यांत जावयाचें असतें. कोणी पशुवैद्यकाचा अभ्यास करीत असतो. मग घरीं फोन येतो कीं, ‘बाबा, वर्गणी भरूं काय?’ आणि बापास उत्तर सुचत नाहीं. ती वर्गणी धानाच्या पोत्यांतून अथवा तेंदूपानांच्या हंगामांतून निघावयाची असते. म्हणून ‘नको’ म्हणावें तर मुलाचें मन मोडतें, ‘भर’ म्हणावें तर पैसा कशावर जातो हें कळत नाहीं. अशा पालकांस व मुलांस निर्णय करण्यास कांहीं साधन मिळावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मंडळ म्हणजे काय तें पाहूं. ही कल्पना विलायतेहून आली असा पुष्कळांचा समज आहे. नांव व नियमावली तिकडची असेल; परंतु तिच्यामागील गरज आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. शिवछत्रपतींच्या अश्वदळांत दोन प्रकारचे स्वार असत, हें आपण इतिहासांत शिकतों. ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचें तो शिलेदार, आणि ज्यास घोडा सरकारी पागेंतून मिळे तो बारगीर. पागेची रचना मोठ्या विचारानें केलेली होती. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी अशी चढती श्रेणी होती. आणि दर २५ घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमिलेला असे. या शेवटच्या दोन माणसांकडे माझ्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. घोड्यास पाणी पाजणारा व त्याचे खूर सांभाळणारा मनुष्य एकट्या गरीब स्वारास पदरीं ठेवतां येत नाहीं. पंचवीस जणांत तो सहज ठेवतां येतो. मंडळाचें सगळें मर्म या एका हिशेबांत आहे.

घोडा हा किती खर्चिक व किती नाजूक प्राणी आहे, याची कल्पना ज्यानें तो पाळिला नाहीं त्यास येत नाहीं. सुमारें ४०० किलो वजनाच्या घोड्यास रोज ८ ते १० किलो वैरण व दाणा लागतो. पाणी २५ ते ४० लिटर लागतें, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक. खूर वाढत राहतात म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदाचा हात त्यांवरून फिरावा लागतो. रोज खरारा, रोज फेरी, रोज तबेल्याची सफाई, यांत सुट्टी नाहीं. ‘घोडा कां अडला?’ या आपल्या जुन्या कोड्याचें ‘फिरविला नाहीं म्हणून’ हें उत्तर लहान मुलांसही ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट अशी कीं, घोड्यास ओकारी येत नाहीं. बैलास वा कुत्र्यास जें अन्न बाधूनही निभावेल, तें घोड्याच्या पोटांत अडकून पोटशूळ उठतो, आणि वेळेवर वैद्य न मिळाल्यास तो प्राणास मुकतो. तेव्हां एकट्यानें घोडा पाळणें हें सामान्य गृहस्थाचें काम नव्हे. ज्यास घोडेस्वारी शिकावयाची आहे, पण ज्याच्या घरीं पागा नाहीं, त्यास कोणत्या तरी मंडळाच्या दारीं जावेंच लागतें. आजचा बहुतेक विद्यार्थी हा बारगीर आहे; शिलेदार नव्हे.

आतां मंडळापासून प्रत्यक्ष लाभ कोणते? मुंबईंत महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर १९४२ सालीं स्थापन झालेला अ‍ॅमेच्युअर रायडर्स क्लब आहे. पुण्यासारख्या इतर शहरांतही लहानमोठ्या संस्था आहेत. चांगल्या संस्थेंत सभासदास चार गोष्टी मिळतात. पहिली, नवशिक्यास योग्य असा शांत व शिकविलेला घोडा. दुसरी, जाणता शिक्षक. बैठक कशी असावी, रिकिबींत पाऊल किती असावें, लगाम किती सैल वा किती आंखूड धरावा, हें पुस्तकानें येत नाहीं. वाईट संवय एकदां लागली म्हणजे ती सुटतां सुटत नाहीं, व तिची शिक्षा घोड्याच्या तोंडास व पाठीस भोगावी लागते. तिसरी, सुरक्षितता. डोक्यावर पक्कें शिरस्त्राण व पायांत टांचेचा बूट असल्याशिवाय मैदानांत पाऊल टाकूं न देणारी शिस्त एकट्या हौशी मनुष्याच्या अंगीं क्वचितच असते. आणि चौथी, स्पर्धांचा मार्ग. भारतीय अश्वारोहण महासंघ १९६७ सालीं स्थापन झाला, आणि आंतरराष्ट्रीय संघ तर १९२१ सालचा. देशाच्या वतीनें मैदानांत उतरावयाचें तर या साखळींतूनच जावें लागतें. कोणी कितीही उत्तम स्वार असला तरी आपल्याच नांवावर आशियाई क्रीडास्पर्धेंत जातां येत नाहीं.

विलायतेंत तर मंडळाचा आणखीही एक उपयोग होतो. तेथील ब्रिटिश हॉर्स सोसायटी ही संस्था १९४७ सालीं दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. तिच्या वरच्या वर्गाच्या सभासदांस अपघाताचा व दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सभासदत्वाबरोबर मिळतो. शिवाय स्वारांच्या जुन्या पायवाटा बंद होऊं नयेत म्हणून ती संस्था झगडते, आणि मोटार हांकणारांस घोड्याजवळून हळू जाण्याची शिकवण देते. म्हणजे तेथें वर्गणी भरणारा केवळ स्वतःची करमणूक विकत घेत नाहीं. ज्यानें वर्गणी भरली नाहीं त्याचीही वाट तो मोकळी राखतो. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

एवढे लाभ असतां आक्षेप कशास घ्यावा? आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप पैशाचा. हांगझोऊ येथें भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत ता. २६ सप्टेंबर २०२३ रोजीं भारताच्या चौघां स्वारांनीं ड्रेसाज या प्रकारांत, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या कलेंत, सांघिक सुवर्णपदक मिळविलें. सुदीप्ति हजेला, दिव्यकृति सिंह, अनुष अगरवाला व मुंबईचा हृदय छेडा हीं त्यांचीं नांवें. १९८२ च्या दिल्ली येथील स्पर्धेनंतर अश्वारोहणांतील सुवर्णपदक ४१ वर्षांनीं आलें. या यशाचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु हेंही सांगितलें पाहिजे कीं, या चौघांचेंही शिक्षण युरोपांत झालें, आणि तो खर्च करण्याची ऐपत आपल्या देशांत फार थोड्या कुटुंबांस आहे. तेव्हां ‘मंडळाचा सभासद झालों कीं पदक मिळेल’ अशी आशा जो मुलगा धरतो त्यास पालकांनीं सत्य परिस्थिति समजावून सांगावी. मंडळ मार्ग दाखवितें. तो चालण्यास लागणारी शिदोरी तें देत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मंडळ म्हटलें कीं दार आलें, आणि दार आलें कीं तें कोणासाठीं उघडावें व कोणासाठीं लावावें हा प्रश्न आला. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकांत ड्रेसाजचें सांघिक सुवर्णपदक स्वीडनच्या संघानें जिंकिलें. त्या संघांत गेनाल पेर्सन नांवाचा एक स्वार होता. तो वस्तुतः सार्जंट होता, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणें सैन्यांतील स्वारास अधिकाऱ्याचा हुद्दा असल्यावांचून या स्पर्धेंत भाग घेतां येत नसे. म्हणून स्पर्धेपुरता त्यास अधिकारी करण्यांत आलें होतें. ही गोष्ट उघडकीस आल्यावर १९४९ सालीं आंतरराष्ट्रीय संघानें स्वीडनचें पदक काढून घेतलें. पेर्सनच्या बैठकींत दोष नव्हता, घोड्याच्या चालींत दोष नव्हता; दोष होता तो खांद्यावरील फितीचा! पुढें नियम बदलला. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकांत तोच पेर्सन संघांत होता, आणि स्वीडननें पुनः सुवर्णपदक जिंकिलें. त्याच स्पर्धेंत स्त्रियांसही प्रथम प्रवेश मिळाला, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईनें वैयक्तिक रौप्यपदक मिळविलें. १९४४ सालीं पोलिओमुळें तिचे पाय गुडघ्यांखालीं लुळे पडले होते. घोड्यावर चढण्याउतरण्यास तिला दुसऱ्याचा हात लागे. जें दार १९४८ सालीं सार्जंटास व स्त्रीस बंद होतें, तें चार वर्षांनीं उघडल्याबरोबर आंत कोण आलें तें पाहा. ज्या मंडळाचें दार अरुंद आहे तें मंडळ केवळ गरिबांचें नुकसान करतें असें नव्हे. तें त्या विद्येचेंही नुकसान करतें.

आपल्या देशांतही हा दाराचा प्रश्न मिटलेला नाहीं. महासंघांत मताचा अधिकार क्लबांस असावा कीं राज्यांच्या संघटनांस, हा वाद अलीकडच्या वर्षांत दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. सामान्य स्वारास हा वाद कंटाळवाणा वाटेल. परंतु ज्या मंडळाची वर्गणी आपण भरतों त्यांत आपलें मत कोणी विचारतो कीं नाहीं, हें विचारण्याचा त्यास हक्क आहे.

येथवर आपण हौशी स्वारांचा विचार केला. परंतु महाराष्ट्रांत घोड्यावर पोट असलेले लोकही आहेत, आणि मंडळाची खरी पारख त्यांच्याच उदाहरणानें होते. माथेरान हें रायगड जिल्ह्यांतील थंड हवेचें ठिकाण. तेथें मोटारींस बंदी आहे; प्रवासी पायीं, घोड्यावर अथवा माणसानें ओढलेल्या रिक्षांत बसून फिरत आले. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें तेथें विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल चालविण्यास परवानगी दिली, तेव्हां घोडेवाल्यांच्या तीन संघटना न्यायालयांत गेल्या. एकटा घोडेवाला दिल्लीपर्यंत गेला असता काय? त्याचा लगाम त्याच्या हातांत, आणि त्याचें पोट त्या दिवसाच्या फेरीवर. संघटना होती म्हणून त्याचें म्हणणें न्यायाधीशांच्या कानांवर पडलें. हा संघटनेचा मोठाच लाभ होय.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. विजेची रिक्षा ज्यांस हवी होती ते माथेरानचेच हातरिक्षा ओढणारे गरीब लोक होते. चढणीवर माणसानें माणसास ओढीत नेणें हें मनुष्याच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं असें ठरवून सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें हातरिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांची भीति खोटी नव्हती, कारण त्यांचाही संसार त्यावरच चालतो; पण रिक्षा ओढणाराची धाप तरी खोटी कोठें होती? मंडळ सभासदांची बाजू घेतें, तें त्याचें कामच आहे. मात्र मंडळाबाहेरच्या मनुष्याचें दुःख ज्या दिवशीं त्यास दिसेनासें होतें, त्या दिवशीं चांगल्या सभासदानें उभें राहून बोललें पाहिजे. सभेंत आपल्याच लोकांविरुद्ध बोलावयास जें धैर्य लागतें तें सर्वांत अवघड रपेटीसही लागत नाहीं.

आतां एक समाधानाचें उदाहरण घेऊं. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडीचें तट्टू मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. आकारानें लहान, पण काटक; थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारें. राज्यें गेलीं, अश्वदळें मोडलीं, आणि हें तट्टू मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाचें ओझें वाहत पुणें, सोलापूर, सातारा या बाजूंस उरलें. सरकारदरबारीं तें स्वतंत्र जात म्हणून ओळखलेंही जात नव्हतें. त्याच्या पालकांनीं संघटना केली, शास्त्रज्ञांचें साहाय्य झालें, आणि २०२३ सालीं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणींत आली. अशा नोंदणीचें मोल आपणांस परकें वाटूं नये. आपल्या गांवाजवळून वाहणाऱ्या कठाणी नदीचें नांव धारण करणारी आपल्या भागांतील कठाणी गाय-बैलांची जातही २०२२ सालीं अशीच नोंदली गेली. ज्या बैलांस आपण पोळ्याच्या दिवशीं ओवाळतों, त्यांस आतां देशाच्या दप्तरांत स्वतःचें नांव आहे. जनावराची जात टिकविणें हें एका मालकाचें काम नव्हे. कोठें किती उरलीं, कोणाचा वळू कोणत्या गांवीं, हें जाणण्यास अनेकांनीं एकत्र यावें लागतें. ज्या संघटनेमुळें मुक्या प्राण्याचा वंश टिकतो तिची वर्गणी वाया गेली असें कोण म्हणेल?

या सर्वांवरून मीं माझें मत असें बनविलें आहे. स्वारानें मंडळाचें सभासद व्हावें. परंतु वर्गणी भरण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात.

पहिली गोष्ट, तबेला. कार्यालयांतील ढाली व छायाचित्रें पाहूं नयेत. सरळ मागच्या बाजूस जावें. घोड्याच्या पाठीवर जखमा आहेत काय, बरगड्या दिसतात काय, पाणी स्वच्छ आहे काय, एकाच घोड्यावर दिवसांतून किती जण बसतात, नालबंद व पशुवैद्य केव्हां येतात, हें विचारावें. आजारी वा जखमी जनावरास कामास जुंपणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. तसेंच मोतद्दाराशीं दोन शब्द बोलावेत. जेथें मोतद्दार घोड्याचें नांव घेऊन प्रेमानें बोलतो, व ज्यास पगार वेळेवर मिळतो, तें मंडळ बहुधा चांगलें असतें.

दुसरी गोष्ट, बारगिराची जागा. ज्याच्याजवळ स्वतःचा घोडा नाहीं, त्या सभासदास आठवड्यांतून किती वेळ घोडा मिळतो? मुलींस त्याच वेळीं, त्याच घोड्यांवर, त्याच शिक्षकाकडून शिकवितात काय? विद्यार्थ्यांस वर्गणींत सवलत आहे काय? वर्गणीखेरीज पोशाख, जीन, स्पर्धेची फी असे खर्च किती? हें सर्व आधीं कागदावर मांडावें. नाहीं तर चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला, अशी गत व्हावयाची. मूल पडल्यास औषधोपचाराची जबाबदारी कोणाची व विमा आहे कीं नाहीं, हेंही पालकांनीं संकोच न धरतां लेखी विचारावें.

तिसरी गोष्ट, हिशेब व मत. वार्षिक सभा भरते काय, जमाखर्च सभासदांपुढें ठेवितात काय, आणि नव्या सभासदास बोलूं देतात काय? जेथें वर्गणी घेतांना सगळे हजर व हिशेब देतांना कोणी नाहीं, त्या दारावरूनच परतावें.

ज्यांस वर्गणीच परवडत नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. १९४८ सालीं स्थापन झालेल्या एन्. सी. सी. मध्यें अश्व व पशुवैद्यक पथकेंही आहेत, आणि तीं कांहीं पशुवैद्यकीय महाविद्यालयांशीं जोडलेलीं आहेत. तेथें घोडा सरकारचा, शिक्षण सैन्याच्या शिस्तीचें, आणि क्लबासारखी वर्गणी नाहीं. ही खऱ्या अर्थानें आजची पागा होय. महाविद्यालयांत नांव घालतांना जसें वसतिगृहाबद्दल विचारतां, तसें या पथकाबद्दलही विचारावें. आणि ज्यास केवळ थंड हवेच्या ठिकाणीं वर्षांतून एकदां घोड्यावर बसून छायाचित्र काढावयाचें आहे, त्यानें कोणत्याही मंडळाची वर्गणी भरूं नये. त्यानें घोडेवाल्यास ठरलेलें भाडें घासाघीस न करतां द्यावें, म्हणजे झालें.

विद्यार्थ्यांनो, शेवटीं तुम्हांस एक गोष्ट सांगावयाची आहे. सभासद होणें याचा अर्थ घेणें एवढाच तुम्ही करूं नका. रपेट संपल्यावर लगाम मोतद्दाराच्या हातांत फेंकून निघून जाणारे सभासद पुष्कळ असतात. घामाघूम घोडा थंड होईपर्यंत त्यास हळूहळू फिरविणारा, खूर उचलून खडा अडकला आहे काय तें पाहणारा, नवशिक्याची रिकीब बरोबर करून देणारा सभासद क्वचित् भेटतो. आणि मंडळ चालतें तें अशा दहापांच जणांच्या बळावर. ही विद्या शिकावयास मुंबईस जावें लागत नाहीं. घरच्या बैलाचा खांदा सोलवटला आहे कीं नाहीं हें जो मुलगा आज पाहतो, उन्हांतून आलेल्या जनावरास आधीं पाणी दाखवून मग स्वतः जेवावयास बसतो, तो उद्यां कोणत्याही पागेंत गेला तरी चांगला सभासद होईल. अशा मुलानें वर्गणीसाठीं पैसे मागितले, तर पालकांनीं वरील तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी, आणि ऐपत असेल तर ते आनंदानें द्यावे.